न चाखलेली बुंदी

बुंदीत सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे साखर. पोतं फोडायचं आणि कढईत ओतायचं, त्याला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती पाण्याला आणि जाळाला. उकळी फुटली की वाटीभर दूध मारायचं, म्हणजे साखरेतला मळ फेसाबरोबर वर येतो. तो काढून टाकायचा. मग जाळ कमी करायचा आणि उभं राहायचं. नुसतं उभं. थोड्या वेळानं पाकाचा एक थेंब ताटलीच्या काठावर घ्यायचा, जरा निवला की अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून बोटं उघडायची. तार आली आणि लगेच तुटली तर पाक कच्चा. एक तार आली आणि टिकली तर कढई उतरवायची. दोन तारा आल्या तर तुमची बुंदी संध्याकाळपर्यंत साखर पांघरून बसते. कच्च्या पाकात टाकली तर लगदा होतो, आणि भर पंगतीत वरबाप तुमच्याकडे पाहतो. ते पाहणं फार वाईट असतं.

मी चौथी नापास माणूस आहे. पण एकतारी पाकात आजपर्यंत नापास झालो नाही. हे घमेंडीनं लिहितो आहे, काढून टाकू नका, असं या अंकाच्या मंडळींना आधीच सांगून ठेवलं आहे. त्यांना माझ्याकडून लग्नाच्या स्वयंपाकातले मजेचे किस्से पाहिजे होते. ते आहेत. एका वधूपित्यानं मला बुंदीचे सगळे दाणे एकसारखे पाहिजे म्हणून सांगितलं आणि कढईजवळ खुर्ची टाकून पहारा बसवला. पहाऱ्यावरचा माणूस धुरानं पळाला. एका व्याह्यानं, पोरीकडच्यांची फजिती व्हावी म्हणून, एकट्यानं तीन माणसांची बुंदी खाल्ली आणि मंगलाष्टकांच्या वेळी सापडेना. असे पुष्कळ. पण माझ्याजवळ नीट सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती माझ्या डाव्या पायाची आहे.

माझं गाव सेलू तालुक्यात. आता लेकाकडे बोरगाव मेघेला राहतो, पण ऑर्डर आली की भांडी घेऊन जातो. लग्न, तेरवी, बारसं, भंडारा, सगळं केलं. माझ्याबरोबर पहिल्यापासून कौसाबाई आहे. नवरा गेल्यावर ती पोळ्या लाटायला आली, दोन वर्षांत झारा हातात घेतला. बुंदीचा घोल झाऱ्यावर टाकून झारा असा ठोकायचा की दाणा गोल पडला पाहिजे, शेपटी निघाली नाही पाहिजे. तिच्या हातानं शेपटी निघत नाही. तोंडाला मात्र शेपटी आहे, ते पुढे येईलच.

गोडाची सवय मला धंद्यानं लागली की गोडाची सवय होती म्हणून मी हा धंदा धरला, हे मला सांगता येणार नाही. तार पाहिली की बोटं तोंडात जायची. बुंदी पाकातून निघाली की गरम मूठ तोंडात. चहा घेतला तर आमची मंडळी म्हणायची, "अजी, याच्यापक्षा वाटीभर साखरच खा ना, पाणी कायले उकळाले लावता?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे पापडी. पाक आटत आला की कढईच्या काठावर त्याची पातळ पापडी वाळते. आचाऱ्याशिवाय ती कोणाला माहीत नसते. मी ती सराट्यानं खरवडून सदऱ्याच्या खिशात ठेवायचो आणि घरी जाईपर्यंत सायकलवर चघळायचो. दुसऱ्या दिवशी खिसा चाचपला की एखादा तुकडा असायचाच. तो नसला की माझं डोकं फिरायचं. मी त्याला भूक म्हणत होतो.

बाजाराच्या दिवशी एकदा तपासणीचं शिबिर लागलं होतं. बोटाला टोचून रक्त घेतलं आणि तिथला माणूस म्हणाला, "काका, तुम्हाला साखर आहे." मी म्हटलं, "असनच. धंदाच साखरेचा आहे." रांगेतली माणसं हसली. मला बरं वाटलं. गोळ्या सुरू झाल्या. त्या मी नेमानं घेत होतो, बुंदीबरोबर.

आता मंडपाच्या मागे येणाऱ्या लोकांबद्दल लिहितो. प्रत्येक लग्नात पंगत बसायच्या आधी दोन-चार म्हातारे लघवीला जातो म्हणून उठतात आणि चुलाण्याकडे येतात. त्यांना साखर असते, घरच्यांची नजर असते. "महाराज, येक द्रोण देजो, सून पाहून राह्यली," असं हळूच म्हणतात. मी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. आचाऱ्यानं नाही म्हणू नये असं मला वाटायचं.

त्यांच्यात वानखेडे गुरुजी होते. चौथीत मला नापास करणारे तेच. तेव्हा ते नवीनच लागले होते, मिशीसुद्धा धड आली नव्हती. गणितात मला भोपळा दिला आणि बापाला बोलावून सांगितलं, याच्या हातून काही होणार नाही. बापानं दुसऱ्या दिवशी मला एका आचाऱ्याकडे भांडी घासायला लावलं. पन्नास वर्षांनी तेच गुरुजी माझ्या चुलाण्यामागे हात पुढे करून उभे राहायचे. मी त्यांना मोठा द्रोण द्यायचो. वरून पाक सोडायचो. म्हणायचो, "गुरुजी, घ्या. मोजू नका." ते खात असताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचो. मला त्यांच्या जिभेचं सुख पाहायचं नव्हतं, दुसरंच काहीतरी पाहायचं होतं. हे आज लिहितो आहे. तेव्हा कळत नव्हतं असं नाही, पण मान्य नव्हतं.

गुरुजींचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा मी भेटायला गेलो. जाताना बुंदीच नेली. इतका मी हट्टी आणि इतका मूर्ख.

आता माझा पाय. चार उन्हाळे झाले त्या गोष्टीला. सेलूकडचंच लग्न होतं, सकाळची वेळ. आम्ही आचारी चुलाण्याजवळ चप्पल घालत नाही. अग्नीपुढे चप्पल नको, अशी माझ्या गुरूची शिकवण. पाक उतरवताना कढईची एक कडी मी धरली, दुसरी कौसाबाईनं. कढई टेकली, हिंदकळली. मी पुढे झालो आणि ताटली पुसायला लागलो.

"भाऊ! पाय!" कौसाबाई ओरडली.

मी खाली पाहिलं. डाव्या पायाच्या बोटांवर पाक पडला होता. पाक तेलापेक्षा वाईट. तेल घसरून जातं, पाक चिकटून बसतो आणि आत शिजवत राहतो. कातडी पांढरी होऊन वर आली होती. आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

बायकांनी पाणी आणलं. कोणी हळद आणली. मी म्हटलं, "काई नाई होत. आचाऱ्याची कातडी आहे, जळून जळून पक्की झाली." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. उलट मला घमेंड आली, की इतका चटका बसला तरी या माणसानं हूं केलं नाही. फडकं बांधलं आणि शेवटची पंगत उठेपर्यंत उभा राहिलो. कौसाबाई तेवढी काही बोलली नाही. ती बोलली नाही की समजावं काहीतरी बिघडलं आहे.

आठ दिवसांनी आमची मंडळी म्हणाली, "अजी, पायाले वास येऊन राह्यला."

मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या नातीएवढ्या. त्यांनी फडकं सोडलं, पाहिलं, तोंड वाकडं केलं नाही. मग प्लास्टिकच्या दांडीला लावलेला एक बारीक दोरा काढला. पाकाची तार असते तसाच, पारदर्शक.

"बाबा, डोळे मिटा. तळपायाला दोरा लागला की हो म्हणा."

मी डोळे मिटले. थोडं थांबून म्हटलं, हो. परत थांबून हो. मनातल्या मनात अंदाज धरून हो, हो, असं दहा वेळा तरी म्हटलं. परीक्षाच होती ती, आणि मला या वेळी नापास व्हायचं नव्हतं.

"बाबा, डोळे उघडा," त्या म्हणाल्या. "मी दोरा एकदाच लावला. तेव्हा तुम्ही गप्प होता."

ज्या माणसाला दोन बोटांत पाकाची तार कळते त्याला तळपायावर दोरा कळला नाही. मी पायाकडे पाहत राहिलो. तो दुसऱ्याचा असल्यासारखा खाटेवर पडला होता.

त्यांनी समजावून सांगितलं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायातली जाणीव मरते. लागलेलं कळत नाही, म्हणून जखम वाढते. करंगळी काढावी लागेल. गोड बंद केलं नाही तर करंगळीवर थांबणार नाही, पुढे पंजा, मग पाय. वानखेडे गुरुजींचं नाव त्यांनी घेतलं नाही, त्यांना कुठून माहीत असणार. मला मात्र ते दिसले.

तेव्हा मी माझं हुकमी पान टाकलं. "बाई, तुमचं खरं आहे. पण माया धंदाच जिभेचा. चाखल्याशिवाय पाक कळत नाई. चाखनं बंद तर हात बंद."

हे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो होतो. बायकोला, लेकाला, गोळ्या देणाऱ्याला. सगळे यावर गप्प बसायचे. बाई म्हणाल्या, "मग धंदा सोडा. पाय नाहीतर धंदा, एकच राहील."

माझ्या उशाशी कौसाबाई डबा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, हा मानूस खोटं बोलते."

"तू गप राय," मी म्हटलं.

"काऊन गप राहू? भाऊ, गिरडले काय चाखून करता?"

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडचे पुष्कळ लोक गिरडच्या टेकडीवर बाबाच्या दर्ग्यात नवस बोलतात. नवस फेडायला सगळं गणगोत जातं, टेकडीखाली स्वयंपाक होतो. आमच्या गावचं एक घर दरवर्षी मला बुंदी करायला नेतं. रीत अशी की नैवेद्याचं ताट वर दर्ग्यात चढवून येईपर्यंत खाली कोणी कण तोंडाला लावायचा नाही. पोरंसुद्धा लावत नाहीत. आचाऱ्यानं तर बोट चाटलं तरी सगळी कढई उष्टी. तिथे मी तार पाहायचो, बोटं पाण्यात बुडवायचो, पुसायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. कितीतरी वर्षं. एकदाही पाक बिघडला नाही. मला त्या दिवशी तलफसुद्धा यायची नाही.

"गिरडची बुंदी सगळ्यात बेस्ट होते याची," कौसाबाई बाईंना सांगत होती. "सारे लोक म्हनते. अन् थे याच्या जिभेनं पायलीच नसते."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहायला लागल्या. सगळ्या हयातीत माझ्याजवळ उत्तर नाही असं दोनदाच झालं, एकदा चौथीच्या वर्गात आणि एकदा त्या खाटेवर. मी दुसऱ्यांना खोटं सांगत होतो, त्याचं मला विशेष वाटलं नाही. धंद्यात थोडं खोटं चालतं. पण मी स्वतः ते खरं धरून बसलो होतो, आणि गिरडला दरवर्षी जात होतो.

करंगळी गेली. कौसाबाईशी मी पंधरा दिवस बोललो नाही.

गोड सोडण्याबद्दल लोक फार मोठं मोठं बोलतात. मला जे झालं ते लिहितो. पहिले आठ दिवस डोकं दुखलं. चिडचिड इतकी की चहात साखर नाही म्हणून कप भिंतीवर मारला. मंडळीनं कप उचलला आणि दुसरा फिका चहा आणून ठेवला. तिनं गूळ कुठे लपवला ते मी दोन दिवसांत शोधून काढलं, तुरीच्या डाळीच्या डब्यात होता. मग तिनं घरात आणणंच बंद केलं. महिना झाला, मला वाटलं जिंकलो. एक दिवस जुना सदरा घातला आणि खिशाच्या कोपऱ्यात बोटाला काहीतरी टोचलं. पापडीचा तुकडा होता. केव्हाचा कोण जाणे, त्याला धागे चिकटलेले, तंबाखूची पूड लागलेली. मी तो धाग्यांसकट खाल्ला. मोरीकडे तोंड करून खाल्ला. वळलो तर मंडळी दारात उभी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुईदोरा घेऊन बसली आणि माझ्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे शिवून टाकले. आज माझ्या एकाही सदऱ्याला खिसा उघडा नाही. चष्मा हातात धरावा लागतो. लोक विचारतात. मी सांगतो, आमच्यात तशीच फॅशन आहे.

खिसे शिवल्यावर मी विचार केला. मनाला "खाऊ नको" म्हटलं की ते ऐकत नाही, माझं मन माझ्यासारखंच आहे. पण गिरडला ते ऐकतं. तिथे त्याला कोणी नको म्हणत नाही. तिथे फक्त एवढंच असतं की ताट अजून वर गेलं नाही. मग मी ठरवलं की आता कुठेही गेलो तरी टेकडीखालीच आहे असं समजायचं. ताट अजून वर गेलेलं नाही. चहा आला, लाडू आला, लेकीनं पेढा पुढे केला, ताट अजून वर गेलेलं नाही. कधी जाईल, असं मन विचारतं. मी त्याला सांगत नाही.

कौसाबाईकडे मी स्वतः गेलो आणि म्हटलं, "ऑर्डर आली आहे. येजो." ती म्हणाली, "बोलले एकदाचे." एवढंच.

ते लग्न माझ्याच गावात होतं. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून मी चुलाण्याजवळ कापडी बूट घालून उभा होतो. अग्नीची आधी माफी मागितली. पाण्यानं भरलेला एक डबा चुलाण्याशेजारी ठेवला. पाक आटत आला. थेंब घेतला, बोटं उघडली. तार आली, टिकली. मी "उतरवा" म्हटलं आणि त्याच दमात बोटं तोंडाकडे निघाली. माझ्या मनात नव्हतं, बोटांच्या मनात होतं.

"गिरड!" कौसाबाई झारा हातात घेऊन ओरडली.

पोळ्या लाटणाऱ्या बायका तिच्याकडे पाहायला लागल्या. मी बोटं डब्यात बुडवली. त्या दिवशी ती सात-आठ वेळा ओरडली. वऱ्हाड्यांना वाटलं असेल बाई कोणाला तरी हाक मारते आहे.

बुंदी पाकात पडली, निथळली, परातीत आली. आणि आता मला भीती वाटायला लागली. गिरडची गोष्ट निराळी. तिथे बाबा सांभाळून घेतो असंही मी धरत होतो. इथे सगळं गाव पंगतीला बसणार होतं आणि माझ्या हातची बुंदी कशी झाली ते मला ठाऊक नव्हतं. मी कौसाबाईला म्हटलं, "तू चाखून पाय वं."

"मी काऊन चाखू? गिरडले कोन चाखते?"

पहिली पंगत बसली. वाढपी पराती घेऊन गेले. मी मंडपाच्या कनातीमागे उभा राहिलो. तेवढ्यात खुर्चीची चाकं वाजली. वानखेडे गुरुजी होते. नातवानं चाकाची खुर्ची ढकलत आणली, चुलाण्याजवळ ठेवली आणि जेवायला निघून गेला.

"कारे," गुरुजी म्हणाले. "तुयी करंगळी गेली म्हनते."

"गेली."

"माया तं अर्धा पाय गेला." मग हात पुढे केला. "दे. मोठा द्रोन दे."

मी हात मागे बांधले. "नाई गुरुजी."

त्यांना आधी कळलंच नाही. मग चेहरा लाल झाला. "मले नाई म्हनतं? पाय गेल्यावर अक्कल आली काय तुले? तवा तं मोजू नका म्हने! वरून पाक सोडे!"

"सोडत होतो."

"मंग आता काऊन नाई?"

त्यांचा पाय माझ्या बुंदीनं गेला असं कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. मी म्हणतो. पण तसं तोंडानं म्हणता येईना. मी म्हटलं, "गुरुजी, मी बी चाखली नाई. कशी झाली मले मालूम नाई."

"चाखली नाई? मंग केली कशी?"

मी कढईत उरलेल्या पाकाचा थेंब ताटलीच्या काठावर घेतला, निवू दिला. त्यांचा हात धरला. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून त्यांच्यात थेंब ठेवला. "आता उघडा. हळू."

त्यांनी बोटं उघडली. तार आली. उन्हात ती चमकली. गुरुजींनी डोळे बारीक केले, बोटं आणखी उघडली. तार टिकली.

"हे झालं एकतारी," मी म्हटलं. "याच्यात जिभेचं काई काम नाई."

गुरुजी बराच वेळ ती तार पाहत होते. मग त्यांची बोटं हळूहळू तोंडाकडे निघाली. मी त्यांना थांबवायला पाहिजे होतं. पण ज्यानं छड्या मारल्या त्याचा हात मला धरवेना.

"गिरड!"

गुरुजी दचकले. तार तुटली. "गिरडले कोन चाललं?" त्यांनी विचारलं.

"आपन दोघं," मी म्हटलं आणि पाण्याचा डबा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्या बुटाकडे पाहिलं. मग बोटं पाण्यात बुडवली आणि धोतराला पुसली.

तेवढ्यात कनातीपलीकडून पंगतीतला कोणीतरी मोठ्यानं म्हणाला, "बुंदी आना बाप्पा, बुंदी! इकडं संपली!" आणि मग दुसरा, आणि तिसरा. कौसाबाई परात उचलून आत गेली.

गुरुजींनी तिकडे कान दिला. "गोड झालेली दिसते," ते म्हणाले.

"दिसते तं," मी म्हटलं, आणि दुसऱ्या घाण्यासाठी साखर ओतायला उठलो.